दम आधी परततो, हाडे मागून येतात

चार-पाच वर्षांपूर्वी हाफ मॅरेथॉन पळालेली व्यक्ती पुन्हा बूट चढवते. मधल्या काळात नोकरी बदललेली असते, मूल झालेले असते, घरात कुणाचे तरी दीर्घ आजारपण निघालेले असते. पहिल्या दिवशी दोन किलोमीटरमध्येच धाप लागते. तिसऱ्या आठवड्यात तेच अंतर न थांबता होते. सहाव्या आठवड्यात आठ किलोमीटर पळूनही अंगात जोर उरतो आणि मन म्हणते, चला, आपण परत आलो. मग सातव्या-आठव्या आठवड्यात, सगळे जमतेय असे वाटत असतानाच, नडगीच्या आतल्या कडेला एक जागा ठणकू लागते. किंवा सकाळी पलंगावरून उतरताना टाच जमिनीला टेकवत नाही.

पहाटे पळणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये असे दोन-तीन जण तरी भेटतात. त्यांना चुकतेय काय ते कळत नाही, कारण त्यांनी आळस केलेला नसतो, उलट नेटाने सराव केलेला असतो. दम वाढतोय, नाडी खाली येतेय, वजन उतरतेय, मग पाय का बिघडावा?

याचे कारण शरीराच्या परतण्याच्या रीतीत आहे. पळणे सुटल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने ढिले पडत नाहीत आणि पुन्हा सुरू केल्यावर एकाच वेगाने सावरतही नाहीत. रक्त काही दिवसांत सुधारते, स्नायूंना काही आठवडे लागतात, कंडरा आणि हाडांना काही महिने. आपल्याला जाणवतो तो फक्त दम. म्हणून आपण सरावाचे अंतर दमाच्या हिशेबाने वाढवतो आणि हाड अजून कुठे आहे याची चौकशीच करत नाही. लांब खंडानंतर २१ किलोमीटर पळू पाहणाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींपैकी बऱ्याचशा या दरीतच घडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी काय जाते?

पळणे थांबल्यावर सर्वांत आधी कमी होते ते रक्तातले पाणी. रक्ताचा जो पातळ, पिवळसर भाग असतो त्याला रक्तद्रव म्हणतात. नियमित पळणाऱ्याच्या शरीरात तो वाढलेला असतो. सराव थांबला की पहिल्या दोन आठवड्यांतच तो घटतो. मग हृदयात दर ठोक्यापूर्वी कमी रक्त भरते आणि दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते. तेवढाच प्राणवायू पायांपर्यंत पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावे लागते. खंडानंतरच्या पहिल्या दिवशी हळू पळतानाही नाडी इतकी वर जाते, ती यामुळे.

त्यानंतर स्नायूंची पाळी येते. स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. प्राणवायू वापरून साखर आणि चरबीपासून ऊर्जा मोकळी करण्याचे काम त्यांचे. सरावाने त्यांची क्षमता वाढते, सराव सुटला की उतरते.

एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे टप्पे नीट मोजलेले दिसतात. वर्षानुवर्षे सराव केलेल्या सात जणांनी ८४ दिवस व्यायाम पूर्ण बंद ठेवला. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हा दमाचा सर्वांत विश्वासार्ह आकडा मानला जातो. पहिल्या तीन आठवड्यांत तो ७ टक्क्यांनी घसरला आणि शेवटी १६ टक्क्यांनी खाली येऊन थांबला. मायटोकॉन्ड्रियातील महत्त्वाच्या विकरांची पातळी सुमारे ४० टक्क्यांनी उतरली, तरीही कधीच व्यायाम न केलेल्या लोकांपेक्षा ती बरीच वर राहिली. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचे जाळे मात्र जवळजवळ जसेच्या तसे होते. म्हणजे तीन महिने पूर्ण बसून राहिल्यावरही वर्षांची मेहनत धुऊन जात नाही.

त्याहून जुना आणि मला फार मोलाचा वाटणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या डॅलस शहरात १९६६ मध्ये झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी कोसळली. संशोधकांनी तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. तोवर ते पन्नाशीत आले होते, वजने वाढली होती. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांची जितकी क्षमता नेली, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जास्त नेली होती. मोठ्या आजारपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पळायला येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चालते-फिरते राहून पळणे सुटणे वेगळे आणि खाटेला खिळून सुटणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात सुरुवात चालण्यापासूनच करावी लागते.

दम इतक्या लवकर कसा येतो?

जे आधी गेले तेच आधी परतते. सराव सुरू झाला की मूत्रपिंडे पाणी आणि क्षार धरून ठेवू लागतात आणि एक-दोन आठवड्यांतच रक्तद्रव वाढतो. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलते, नाडी खाली येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक हलके वाटू लागते त्यामागे मुख्यतः हेच असते. मायटोकॉन्ड्रियाही पुढच्या काही आठवड्यांत भरून येतात.

शिवाय जुन्या धावपटूकडे एक ठेव असते. स्नायूची पेशी लांबलचक असते आणि तिच्यात एक नव्हे, अनेक केंद्रके असतात. ऑस्लो विद्यापीठात क्रिस्तियान गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवर दाखवले, की स्नायूवर भार टाकल्यावर पेशीत नवी केंद्रके दाखल होतात आणि नंतर स्नायू पुष्कळ रोडावला तरी ती टिकून राहतात. पुन्हा भार पडला की ती कामाला तयार असतात. माणसात हेच आणि इतकेच घडते का, यावर अजून वाद आहे. पण एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर कमावता येतो, हा अनुभव तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला विचारा.

पळण्याचे कौशल्यही जात नाही. हात किती हलवायचे, पाऊल कुठे टाकायचे, चढावर श्वास कसा सांभाळायचा, हे मेंदूत पक्के बसलेले असते. यातच धोका आहे. नवख्या माणसाला दमच नसतो, त्यामुळे तो पहिल्या दोन महिन्यांत पायांवर फार भार टाकूच शकत नाही. जुन्या धावपटूला जमते. त्याचे हृदय, त्याचे स्नायू, त्याची जुनी सवय त्याला सहाव्या आठवड्यातच अशा अंतरावर घेऊन जातात, जिथे त्याची हाडे पोचलेली नसतात.

कंडरा: अणुचाचण्यांनी सांगितलेली गोष्ट

स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोराला कंडरा म्हणतात. पोटरीपासून टाचेपर्यंत उतरणारी अकिलीस कंडरा त्यातली सर्वांत जाड. पळताना दर पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहूनही जास्त ताण येतो. हाफ मॅरेथॉनमध्ये सामान्य धावपटूची वीस हजारांहून जास्त पावले पडतात. निम्मी उजव्या पायाची, निम्मी डाव्या.

ही कंडरा किती सावकाश बदलते हे कळले ते एका विलक्षण मार्गाने. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिका, सोव्हिएत संघ आदी देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरले. तो कार्बन झाडांत गेला, अन्नातून माणसांत आला. त्या काळात शरीराचा जो भाग घडला, त्यात त्या वर्षाच्या हवेची खूण राहिली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या लोकांच्या अकिलीस कंडरेचा गाभा तपासला. त्यात खूण सापडली ती पौगंडावस्थेतली. म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास हा गाभा घडून पुरा होतो आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ नवा होत नाही. त्याच लोकांच्या स्नायूंत मात्र सतत नवे बांधकाम चाललेले दिसले.

याचा अर्थ कंडरा मेलेली असते असा नाही. तिच्यात पेशी असतात आणि भार पडला की ती अधिक ताठ, अधिक बळकट होते. पण मोजता येईल इतका बदल व्हायला दोन-तीन महिने सातत्याने भार द्यावा लागतो. मोठा व्यायाम झाल्यावर पहिला दीड दिवस तिच्यातले धागे तुटण्याचे प्रमाण नवे धागे बनण्यापेक्षा जास्त असते. भरती त्यानंतर होते. लांब पळण्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जोरात पळू नये, हा जुन्या प्रशिक्षकांचा आग्रह या जीवशास्त्राशी तंतोतंत जुळतो.

कंडरेला हळू आणि जड भार मानवतो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर करायच्या आणि त्याहून सावकाश खाली सोडायच्या, हा साधा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा केला आणि काही आठवड्यांनी पाठीवर वजन घेऊन केला, तर पोटरी आणि कंडरा दोन्ही तयार होतात. पळायला सुरुवात करण्याच्या महिनाभर आधीच तो चालू करता आला तर फार बरे.

हाड: आधी खोदतात, मग भरतात

हाड हे दगडासारखे जड आणि कायमचे वाटते. प्रत्यक्षात ते सतत कोरले आणि भरले जात असते. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट धक्का जमिनीकडून परत येतो. त्याने हाडात अतिसूक्ष्म भेगा पडतात. त्या पडणे गैर नाही. उलट त्यांच्यामुळेच दुरुस्तीचा हुकूम सुटतो. आधी हाड कोरणाऱ्या पेशी येतात आणि भेगाळलेला भाग विरघळवून काढून टाकतात. मग हाड घडवणाऱ्या पेशी तिथे नवे हाड भरतात.

आपल्या गल्लीतला रस्ता दुरुस्त होतो तसेच हे. डांबर उखडायला थोडे दिवस लागतात. खडी, दाबणे, नवा थर यांना पुष्कळ जास्त. आणि मधल्या काळात तो रस्ता दुरुस्तीला घेण्याआधी होता त्याहून कच्चा असतो. हाडात कोरण्याचे काम साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकते, भरून पक्के व्हायला तीन महिने किंवा अधिक लागतात. म्हणजे सराव सुरू केल्यावर दुसऱ्या महिन्यात नडगीच्या किंवा पावलाच्या हाडात जागोजागी उकरलेले खड्डे असतात आणि अजून भरलेले नसतात. नेमक्या त्याच वेळी दम जोरात परतलेला असतो आणि आपण आठवड्याचे अंतर वाढवतो. उखडलेल्या रस्त्यावर वाहतूक दुप्पट केली की तो खचतो. हाडात त्याला ताणजन्य अस्थिभंग म्हणतात, धावपटूंच्या बोलीत स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीला सांगितलेले सातव्या-आठव्या आठवड्याचे नडगीचे दुखणे अनेकदा यातून येते.

हाडांच्या आणखी एका स्वभावाचा आपल्याला फायदा करून घेता येतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असे आढळले, की हाडाला भाराची जाणीव पहिल्या थोड्या धक्क्यांतच होते. त्यानंतर ते जवळजवळ ऐकेनासे होते आणि पुन्हा ऐकू लागायला काही तासांची विश्रांती लागते. म्हणजे सलग तास-दीड तास पळताना हाडाला मजबूत होण्याचा संदेश पहिल्या काही मिनिटांतच मिळून जातो. पुढचे धक्के भेगा वाढवतात, संदेश वाढवत नाहीत. म्हणून परतीच्या पहिल्या तीन महिन्यांत आठवड्यातून दोनदा लांब पळण्यापेक्षा चारदा थोडे-थोडे पळणे हाडांना अधिक उपयोगाचे. मधूनमधून दोरीवरच्या दहा-वीस उड्याही चालतील. दमासाठी अधिक काम हवे असेल तर ते सायकलवर किंवा पोहून करावे. हृदयाला काम मिळते आणि नडगीला सुटी.

स्त्रियांच्या बाबतीत इथे थोडे थांबायला हवे. बाळंतपणानंतर परतणाऱ्या बाईच्या बाबतीत ओटीपोटाचे आणि कटीतळाचे स्नायू सावरायला वेळ लागतो. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचनांत बाळंतपणानंतर किमान तीन महिने पळू नये, असे म्हटले आहे. त्यानंतरही तपासणी करूनच. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होते आणि हाड भरण्याचे काम कोरण्याच्या मागे पडते. कुठल्याही वयात, वजन उतरवण्यासाठी जेवण तोडून जास्त पळणाऱ्या मुलीची किंवा बाईची पाळी थांबली, तर ती हाडांवर आलेल्या संकटाची सूचना समजावी आणि डॉक्टरांकडे जावे. "जास्त पळतेस म्हणून पाळी चुकत असेल" असे म्हणून ती गोष्ट सोडून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती घातक आहे.

चौकट : कोणते दुखणे सोसावे, कोणते नाही

मांड्या-पोटऱ्यांचा भला मोठा भाग दोन्ही पायांत सारखा दुखतो, दुसऱ्या दिवशी वाढतो, तीन-चार दिवसांत जातो: हे स्नायूंचे दुखणे. हलके चालावे, काळजी नको.

सकाळची पहिली पावले आखडलेली, थोडे चालल्यावर मोकळे वाटते, टाचेमागे दाबल्यावर दुखते: कंडरा कुरकुरते आहे. अंतर कमी करावे, चढ आणि वेगाचा सराव थांबवावा, टाचा उचलण्याचा व्यायाम चालू ठेवावा.

हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा, पळताना दुखणे वाढत जाते, पुढे चालतानाही आणि रात्रीही ठणकते: पळणे त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा भंग अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. वेदनाशामक गोळी घेऊन पळणे इथे सर्वांत वाईट.

छातीत दाब, भोवळ, श्रमाला न शोभणारी धाप: लगेच थांबावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरात लहान वयात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी सराव सुरू करण्याआधीच तपासणी करून घ्यावी.

अंतर किती वाढवावे?

दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम धावपटूंच्या तोंडी असतो. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये पाचशेहून जास्त नवख्या धावपटूंवर हा नियम तपासला गेला. काहींना दहा टक्क्यांच्या चालीने तेरा आठवड्यांचा कार्यक्रम दिला, काहींना नेहमीचा आठ आठवड्यांचा. दोन्ही गटांत पाचातल्या साधारण एकाला दुखापत झाली. फरक पडलाच नाही.

मग नियम सोडून द्यायचा का? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या अभ्यासाने याला वेगळी दिशा दिली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाचे पळणे महत्त्वाचे ठरले. मागच्या तीस दिवसांत सर्वांत जास्त जे अंतर एका दमात पळालो, त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त एखाद्या दिवशी पळालो की दुखापतीची शक्यता वाढते. मला हे पटते, कारण हाड आणि कंडरा आठवड्याचा हिशेब ठेवत नाहीत. त्यांना त्या दिवशीची शेवटची काही हजार पावले सोसावी लागतात. मागचे सर्वांत लांब पळणे आठ किलोमीटर असेल, तर पुढचे नऊच्या आत. ग्रुपमधले सगळे चौदा करणार आहेत म्हणून आपणही चौदा, हे परतलेल्या माणसाने करू नये, मग दम कितीही असो.

या चालीने शून्यापासून २१ किलोमीटरपर्यंत जायला किती वेळ लागेल? खंड वर्षा-दोन वर्षांचा असेल तर पाच-सहा महिने धरावेत. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिच्या हाफसाठी जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, सुरुवात व्हायला हवी. पहिला महिना चालणे आणि पळणे आलटून पालटून. चौथ्या महिन्यापर्यंत हाडांच्या दुरुस्तीची पहिली फेरी बरीचशी पुरी झालेली असते. खरा लांब सराव त्यानंतर. दिवाळीनंतर जागे होऊन दहा आठवड्यांत हाफ गाठणारे लोक असतात, त्यांतले काही सुखरूप पोचतातही. पण त्यांच्या उदाहरणावर आपल्या नडगीचा जुगार लावू नये.

वेग? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच. सरावातला बराचसा भाग या वेगाने व्हावा.

उतारावरच्या मांड्या

साताऱ्यात २०१२ पासून होणारी हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि त्याच वाटेने शहरात उतरते. प्रथमच जाणारे लोक चढाची धास्ती घेतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही तो मात्र उतारामुळे.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना त्याला ताणले जात असतानाच शरीर रोखून धरावे लागते. या ताणलेल्या कामात स्नायूतले धागे अधिक विस्कटतात. दुखणे चोवीस तासांनंतर वाढते आणि दोन-तीन दिवस टिकते. पण स्नायूची एक खासियत आहे. असे उताराचे पळणे एकदा झाले, की पुढचे कित्येक आठवडे तेच काम त्याला फार कमी त्रास देते. म्हणून डोंगरी शर्यतीच्या आधी तीन-चार आठवडे एकदा आणि नंतर पुन्हा एकदा मध्यम उतारावर बेताने पळून घ्यावे. पुण्यातल्याला टेकड्या आहेत, कोल्हापूरकराला जोतिबा-पन्हाळ्याचे रस्ते आहेत. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मात्र उतार नको.

घाम, दमटपणा आणि पाणी

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा साधारण पाऊण भाग उष्णतेत जातो. घाम वाळला की ती उष्णता जाते. नुसता गळला तर जात नाही. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत घाम गळतो जास्त आणि वाळतो कमी. उष्णतेत पळायची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत लागते आणि खंड पडला की काही आठवड्यांत सुटते. पुण्या-नाशिकच्या थंडीत सराव करून मुंबईत पळणाऱ्याने आपला वेग थोडा कमी धरावा.

पाण्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, की जितके जास्त प्यावे तितके चांगले. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम नेहमीच्या पातळीखाली गेलेले आढळले. त्यात जास्त वेळ रस्त्यावर राहिलेले, आणि पिऊन-पिऊन शर्यतीत वजन वाढलेले लोक अधिक होते. रक्त पातळ झाले की मेंदूला सूज येऊ शकते. लांब खंडानंतर परतणारे लोक सहसा सावकाशच पळतात, प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी थांबतात. म्हणून हे त्यांच्यासाठी विशेष. तहान लागेल तसे प्यावे. घाम फार जात असेल तर मीठ असलेले पेय घ्यावे.

वय आणि जुने टायमिंग

डॅलसच्या त्या पाच जणांना पन्नाशीत सहा महिने सराव करायला लावले. चालणे, जॉगिंग, सायकल. सुरुवात अगदी थोडी आणि शेवटी आठवड्याला सरासरी साडेचार तास. तीस वर्षांत गेलेली क्षमता जवळजवळ सगळी परत आली. विशीत कडक सरावानंतर जी उंची त्यांनी गाठली होती, तिथे मात्र कुणी पोचले नाही. वयानुसार हृदयाचे सर्वाधिक ठोके कमी होतात. परत आलेली क्षमता मुख्यतः स्नायूंनी रक्तातून जास्त प्राणवायू काढून घ्यायला शिकल्यामुळे आली होती.

म्हणून तिशीतले टायमिंग घड्याळात भरून पंचेचाळिशीत पळणे अन्यायाचे आहे. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी दहा किलोमीटर नेटाने पळून पाहावे आणि त्यावरून आजचा वेग ठरवावा. शर्यतीत पहिले पाच किलोमीटर त्याहूनही हळू. थंड पहाट, आजूबाजूची गर्दी, वाजणारे ढोल यांनी वेग नकळत वाढतो. पंधराव्या किलोमीटरनंतर घामाने रक्तद्रव घटतो आणि त्याच वेगाला नाडी चढत जाते.

उपाशी राहायचे किंवा भरमसाट खायचे कारण नाही. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला २१ किलोमीटरना सुमारे १,४०० लागतील. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेत साधारण दोन हजार मावतात, शिवाय चरबीही जळते. आदल्या दिवशी भात, पोळी, बटाटा असे नेहमीचे जेवण आणि सकाळी सवयीचे थोडे खाणे पुरते. शेवटचे दोन आठवडे सराव जवळजवळ निम्म्यावर आणावा. त्या काळात दम जात नाही आणि कंडरांना भरून यायला वेळ मिळतो.

शर्यतीनंतर मांड्यांचे दुखणे तीन-चार दिवसांत जाईल आणि लगेच पुढची शर्यत खुणावू लागेल. हाडांत मात्र त्या दिवसाच्या वीस हजार पावलांची खोदाई तेव्हा कुठे सुरू झालेली असते. दोन-तीन आठवडे हलके पळावे, चालावे, पोहावे. फेब्रुवारीतल्या कुठल्या शर्यतीचा फॉर्म भरण्याआधी नडगीच्या आतल्या कडेवरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अंगठा दाबत न्यावा आणि कुठे टोचते का ते पाहावे.